लिस्ट्रोसॉरस : खंड जोडलेले होते हे सांगणारा प्राणी, आणि भारतातला कायद्याचा पेच

साधारण डुकराएवढा देह, कासवासारखी चोच आणि वरच्या जबड्यातून खाली आलेले दोन सुळे. लिस्ट्रोसॉरस असा दिसायचा. नावात ‘सॉरस’ असलं तरी हा डायनासोर नव्हे. डायनासोर त्याच्या बऱ्याच नंतर आले. ‘सस्तन प्राण्यांसारखा सरपटणारा प्राणी’ ही त्याची जुनी ओळखही शास्त्रज्ञ आता टाळतात. ज्या शाखेतून पुढे सस्तन प्राणी, म्हणजे माणूसही आला, त्याच शाखेतला तो. आपला पूर्वज नाही, दूरचा भाऊबंद म्हणा हवं तर.

सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवर आजवरचा सर्वांत मोठा विनाश झाला. सायबेरियात प्रचंड लाव्हा बाहेर पडला, हवामान तापलं आणि बहुतांश प्रजाती संपल्या. लिस्ट्रोसॉरस मात्र टिकला. दक्षिण आफ्रिकेतल्या कारू भागात त्यानंतरच्या खडकांत सर्वाधिक हाडं त्याचीच सापडतात. अंटार्क्टिकातल्या त्याच्या सुळ्यांवर २०२० मध्ये संशोधन प्रसिद्ध झालं. झाडाच्या खोडात असतात तसे वाढीचे थर या सुळ्यांमध्येही असतात. त्यांवरून तो कडक काळात शीतनिद्रेसारख्या अवस्थेत जात असावा, असा अंदाज आहे.

अंटार्क्टिकात हा प्राणी सापडला १९६९ मध्ये. जमिनीवरचा हा प्राणी महासागर पोहून जाणं अशक्य. त्यामुळे दक्षिण आफ्रिका, भारत आणि अंटार्क्टिका एकेकाळी जोडलेले होते, या मताला मोठं बळ मिळालं.

भारतातला पुरावा कुठला? पश्चिम बंगालमधल्या राणीगंज कोळसाक्षेत्रातला, पंचेत नावाच्या खडकांतला. कोळसा असलेल्या थरांच्या वर हे खडक येतात. म्हणजे जिथे खाण, तिथेच जीवाश्म.

आणि इथेच खरी अडचण आहे. देशात जीवाश्मांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा स्थळं आणि भू-अवशेषांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा जाहीर केला. त्यात बहुतेक अधिकार भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या एकाच संस्थेकडे होते. विद्यापीठांतल्या संशोधकांनी आक्षेप घेतला : परवानगी, नमुने, अभ्यास सगळं एकाच दारातून जाणार असेल तर संशोधनाचं काय? आक्षेप रास्त आहे. पण मसुदा रखडला म्हणून खाणी थांबत नाहीत, आणि फुटलेला खडक पुन्हा जोडता येत नाही. स्वतंत्र मंडळ नेमून त्यात विद्यापीठांनाही जागा द्यायची, हा मधला मार्ग सरकारला सहज काढता येईल.