नापास कोण?

आमची पोरं गणितात 'ढ', हा निकाल लावला कुणी?

ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच पोरांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. बाजारात हिशेब विचारले, तर शंभरातली ९८ उत्तरं बरोबर. तेच आकडे कागदावर मांडले, तर जेमतेम ३७! नारळ ३५ ला, दहा हवेत. पोरगं म्हणालं, तीनाचे १०५, आणखी तीनाचे मिळून २१०, आणखी तीन, ३१५, वर एक, ३५०. पोरगं तेच, डोकं तेच. मग नापास कोण? शाळा!

१/२ + १/४ = २/६ असं पोरानं लिहिलं की गुरुजी लाल फुली मारून मोकळे. फुली कसली मारता? भाकर द्या हातात. अर्ध्या भाकरीत पाव भाकर घातली आणि भाकर अर्ध्याहून कमी झाली? कुणी खाल्ली? पोरगं शोधील, भांडेल, चूक स्वतः पकडील.

शहाणे म्हणतात, हे लाड पैसेवाल्यांच्या शाळेत. तुम्ही पाढे घोका. वा रे वा! त्यांच्या पोरांनी विचार करायचा आणि आमच्यांनी नुसतं पाठ करायचं? पाढे आम्हालाही पाहिजेत. पण पाढ्यामागचं 'का' घेतल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

दोस्तांनो, वस्तीत अभ्यासवर्ग घेता ना? उत्तर सांगू नका. विचारा, "तू हे कसं काढलंस?" आज फळ्याला हिशेब विचारणारं पोरगं उद्या रेशनवाल्याला विचारील. आणि सरकारलाही!