कुलूप असावे, पण मुदतीचे

१/
पेशवे दफ्तरावरच्या इंग्रजी कुलपाबद्दल आपण आजही हळहळतो. मात्र जनतेच्या पैशावर सिद्ध झालेला प्रबंध एखादे विद्यापीठ आपल्या डिजिटल भांडारात कारण न देता बंद ठेवते, तेव्हा आपण गप्प राहतो. #थ्रेड

२/
आधी इतिहास. पुण्यातील या दफ्तरात अभ्यासकांना मुक्त प्रवेश नव्हता. त्या काळात वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून खासगी दफ्तरे धुंडाळत होते. १८९८ साली त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. पेशवे दफ्तरातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली छापले जाऊ लागले १९३० मध्ये. राजवाडे १९२६ सालीच निवर्तले होते.

३/
२००९ च्या यूजीसी नियमावलीने पीएच.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले. ‘शोधगंगा’ हे त्याचेच दृश्य रूप. पुण्याच्या गोखले संस्थेच्या ग्रंथालयानेही जुने दुर्मीळ ग्रंथ सर्वांसाठी खुले केले आहेत. म्हणजे हे शक्य आहे.

४/
‘खुले केले तर चोरी होईल,’ असे सांगितले जाते. उलट, बंद कपाटातील प्रबंधाची चोरी पकडणार कोण? ‘लेखकाचा हक्क जाईल,’ हेही खरे नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने मिळालेला हक्क इतरांना वाचू दिल्याने संपत नाही.

५/
तरीही सरसकट खुलेपणा हा न्याय नव्हे. आमच्या मुळशीचेच उदाहरण घ्या. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह झाला, सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. विस्थापितांच्या नातवंडांनी आज एखाद्या संशोधकाला भाऊबंदकी, जमिनीचे व्यवहार, गट क्रमांक विश्वासाने सांगितले, तर ते नावानिशी जगापुढे मांडणे हा विश्वासघात ठरेल. पेटंटचा अर्ज प्रलंबित असेल, तिथेही थांबणे रास्त आहे.

६/
म्हणून मागणी नेमकी आहे. प्रत्येक निर्बंधाचे कारण नोंदीत लिहावे. मुदत ठरवावी आणि ती संपताच प्रबंध आपोआप खुला व्हावा. नावे झाकावीत, मुलाखतींचे परिशिष्ट रोखावे. त्यासाठी संपूर्ण प्रबंध अडवू नये. शीर्षक, सारांश आणि संदर्भसूची कायम खुली असावी.

७/
हा निर्णय ग्रंथपालाच्या मर्जीवर किंवा मार्गदर्शकाच्या भीतीवर सोडता कामा नये. विद्यापीठाने लेखी धोरण करावे. मुळशीवरचा प्रबंध भरे गावातल्या मुलीला ओळखपत्र आणि शिफारसपत्र यांवाचून वाचता आला पाहिजे. तो तिच्याच तालुक्याचा इतिहास आहे.