पडीक मोटारीची धूळ

अहिल्यानगरला यंत्रांचे वेड नवे नाही. किनेटिकची लूना याच शहरात तयार झाली. जुने रणगाडे इथल्या संग्रहालयात जपून ठेवले आहेत. अशा गावात निवृत्तीनंतर एखाद्याने स्वस्तात पडीक स्पोर्ट्स कार घेतली, तर घरच्यांनी ‘या वयात हे काय?’ म्हणून नाक मुरडू नये. गोव्यात बनलेली, 1998 साली आलेली दोन आसनी ‘सॅन स्टॉर्म’ अजूनही कुठे तरी शेडमध्ये पडून असते. (पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे ना, हे मात्र पैसे देण्याआधी पाहावे.)

खरी काळजी घ्यायची ती पहिल्या दिवशी. वर्षानुवर्षे बंद असलेल्या गाडीत उंदरांनी घरटी केलेली असतात, आसनांना बुरशी चढलेली असते. उत्साहाच्या भरात कोरडा झाडू मारला की उंदरांच्या लेंड्यांची आणि बुरशीची धूळ थेट फुप्फुसात जाते; दमेकऱ्याला तर ती फारच महागात पडते. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसही होतो. म्हणून दारे उघडून अर्धा तास बाजूला थांबावे. मग मास्क व रबरी हातमोजे घालून, एक भाग घरगुती ब्लीच नऊ भाग पाण्यात मिसळून घाण भिजवावी आणि दहा मिनिटांनी फडक्याने टिपून घ्यावी. ब्लीचमध्ये संडास धुण्याचे आम्ल कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. जुन्या ब्रेकची धूळ फुंकून उडवू नये, तीत ॲस्बेस्टॉस असू शकते.

बंद शेडमध्ये इंजिन क्षणभरही सुरू करू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोके दुखू लागले, मळमळले, तर आधी बाहेर यावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे तरुणांनीही टाळावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर गंजका पत्रा हाताळणे दुसऱ्याकडे सोपवावे. आजोबांनी कार्ब्युरेटर उघडावा. धनुर्वाताची मात्रा घेऊन दहा वर्षे झाली असतील, तर ती आधी घ्यावी.

गाडी धावू लागली तरी तिचे आसन जमिनीलगतच राहणार. आधी पाठमोरे बसून मग दोन्ही पाय एकदम आत घ्यावेत. उतरताना दोन्ही पाय आधी बाहेर. खुब्याचा सांधा बदललेल्यांनी मात्र शल्यचिकित्सकाला विचारल्याखेरीज तिथे बसू नये.