फुलांच्या दरीचा ‘शोध’ कोणी लावला?

गढवालमधील ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’विषयी वाचताना एक वाक्य हमखास भेटते : १९३१ साली फ्रँक स्माइथ या इंग्रज गिर्यारोहकाने या दरीचा शोध लावला. माझ्या मते हे वाक्य आता बाद व्हायला हवे.

घटना खरी आहे. त्या जूनमध्ये स्माइथ आणि सहकाऱ्यांनी ७,७५६ मीटर उंचीचे कामेट शिखर सर केले. तोवर माणसाने माथा गाठलेले ते सर्वोच्च शिखर होते. परतताना धौली गंगेच्या बाजूने भ्यूंडार खिंड ओलांडून पावसाधुक्यात ते खाली उतरले आणि फुलांच्या कुरणात येऊन पोहोचले. स्माइथ १९३७ साली बिया गोळा करण्यासाठी पुन्हा आला आणि १९३८ साली त्याचे पुस्तक निघाले. जगाला मिळाले ते हे इंग्रजी नाव. दरी मात्र आधीपासून नांदती होती. भ्यूंडार गावचे लोक पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात आपली गुरे-मेंढरे घेऊन वर चढत आणि थंडीपूर्वी उतरत. ज्या कुरणात दरसाल मेंढ्या चरतात, त्याचा शोध कसा लागतो?

आज घांघरियाहून सकाळी निघून पुष्पावतीच्या काठाने दरीत शिरता येते. जुलै-ऑगस्टमध्ये दोन्ही अंगांना गुलाबी तेरडा (होय, आपल्या सह्याद्रीतल्या तेरड्याचाच भाऊबंद) माणसाच्या खांद्याला लागतो. खिंड दूर वर, हिमनद्यांपलीकडे राहते. संध्याकाळपूर्वी परतावेच लागते, कारण आत मुक्कामाला परवानगी नाही. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाले, चराई थांबली, आणि इथे उन्हाळा काढणाऱ्यांना दरीबाहेर व्हावे लागले. २००५ साली दरी जागतिक वारसा यादीत गेली.

चराईबंदी सरसकट चूक होती, असे मी म्हणणार नाही. पण बंदीनंतर पॉलिगोनम ही उंच, दाट वाढणारी वनस्पती पसरत गेली आणि नाजूक फुलझाडे तिच्याखाली दबू लागली. मेंढ्या गेल्यामुळेच हे झाले का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. गावकऱ्यांचे मत मात्र सहसा ठाम असते. कासच्या पठारावर कुंपण आणि चराईवरून झालेला वाद ज्यांनी वाचला असेल, त्यांना हे ओळखीचे वाटेल.

दरीत जोन मार्गरेट लेग यांची समाधी आहे. १९३९ साली फुले गोळा करताना पाय घसरून त्यांचा मृत्यू झाला. तिथे जरूर थांबा. आणि सोबतचा वाटाड्या भ्यूंडारचा असेल, तर त्याला विचारा : तुमचे आजोबा मेंढ्या कुठवर नेत, आणि या कुरणाला तुमच्या घरात काय म्हणत?