कुरणातील तीर्थ

तीर्थक्षेत्र धनिकाच्या द्रव्याने थोर होते की दीनाच्या श्रद्धेने? या जुन्या प्रश्नाचे एक बोलके उत्तर जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात, आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी उभे आहे. श्टाइनगाडेन गावाजवळच्या कॅथलिक यात्रेकरूंच्या या चर्चचे नाव ‘व्हीसकिर्शे’, म्हणजे कुरणातील चर्च.

1730 मध्ये श्टाइनगाडेनच्या मठवासीयांनी गुड फ्रायडेच्या मिरवणुकीसाठी येशूची लाकडी मूर्ती सिद्ध केली. स्तंभाशी साखळदंडाने जखडलेला, फटक्यांनी रक्तबंबाळ झालेला तो प्रभू होता. निरनिराळ्या जुन्या मूर्तींचे अवयव जोडून तिचे सांधे कापडाने झाकले होते. काही वर्षांतच ती मिरवणुकीतून वगळली गेली. तिचे कारुण्य लोकांस पाहवेना. पुढे मारिया लोरी या शेतकरी स्त्रीने ती घरी आणली. 14 जून 1738 रोजी तिला मूर्तीच्या मुखावर अश्रू दिसले, अशी तेथील भाविकांची श्रद्धा आहे. यात्रेकरूंची रीघ लागली. 1740 मध्ये बांधलेले छोटे प्रार्थनागृहही अपुरे पडले.

मग डोमिनिकस झिमरमान या स्थपतीने 1745 ते 1754 या काळात आजचे चर्च उभारले. बाहेरून ते साधे आहे. आत मात्र प्रकाशाचा महोत्सव! लंबवर्तुळाकार सभागृहाभोवती जोडखांब आणि त्यांच्यामागून प्रदक्षिणेसारखा मार्ग आहे. छत हलक्या लाकडी बांधणीचे. पण स्थपतीचे थोरले बंधू योहान बाप्टिस्ट यांच्या चित्रांमुळे तेथे आकाशच उघडल्याचा भास होतो. इंद्रधनुष्यावर ख्रिस्त विराजमान आहे. एका टोकास न्यायनिवाड्याचे आसन अद्यापि रिक्त, दुसऱ्या टोकास अनंताचे द्वार अद्यापि बंद! निवाड्याची घटका आलेली नाही, अनुतापास अवकाश आहे, हेच ते चित्र सांगत नाही काय? काम पुरे झाल्यावर डोमिनिकस तेथेच राहिला आणि 1766 मध्ये तेथेच निवर्तला.

या वैभवापायी मठ कर्जात बुडाला. 1803 मध्ये शासनाने बव्हेरियातील मठ बरखास्त केले, तेव्हा हे चर्च विकून पाडून टाकण्याचे घाटत होते. ते वाचविले आसपासच्या शेतकऱ्यांनी. 1983 मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारशात समावेश केला. पण त्या मान्यतेच्या कितीतरी आधी नांगरधाऱ्यांनी त्याचे मोल जाणले होते.

आज लक्षावधी प्रवासी मान वर करून ते छत न्याहाळतात. कलेचे कौतुक अवश्य व्हावे. परंतु मुख्य वेदीवरील ती जोडकामाची मूर्ती न पाहता जो परततो, त्याने मखर पाहिले आणि देव पाहिला नाही, असेच म्हणावे लागेल. जी मूर्ती एकदा नकोशी झाली, तिच्यासाठीच हे सारे वैभव उभे राहिले. सुवर्णकामाची डागडुजी कारागीर करतील. ज्या करुणेने एका शेतकरी स्त्रीने तिला घरात जागा दिली, ती करुणा मात्र प्रत्येक पिढीने स्वतःच्या अंतःकरणातच जतन केली पाहिजे.