सापळ्यातल्या आमिषाचे पुढे काय होते?

गुन्हेगारी मालिकांतला एक क्षण ठरलेला असतो. गिऱ्हाईक बनून गेलेला माणूस केसांवरून हात फिरवतो, साध्या वेशातले चार पोलीस कुठूनतरी उगवतात, बेड्या पडतात. आमिष बनून गेलेला तो माणूस मात्र पुन्हा दिसत नाही. लेखकाचे त्याच्याकडचे काम संपलेले असते.

सलीम-जावेद यांचा १९७८चा 'डॉन' याला सणसणीत अपवाद. डीएसपी डिसिल्वा मेलेल्या डॉनच्या जागी साध्याभोळ्या विजयला पेरतो आणि हे गुपित ठाऊक असलेला तो एकटाच मारला जातो. मग टोळीही विजयच्या जिवावर उठते आणि पोलीसही. मसालापट खराच, पण सोंग घेतलेल्या माणसाची भीती त्याला नेमकी कळली होती.

मराठी मनाला ती आधीपासून ठाऊक आहे. जुलै १६६०मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटले, तेव्हा त्यांच्या वेशात दुसऱ्या पालखीत बसलेला शिवा काशीद सिद्दी जौहरच्या माणसांच्या हाती लागला आणि मारला गेला. 'पावनखिंड' (२०२२) चित्रपटातही तो आहे, पन्हाळ्याला त्याची समाधी आहे. असे नाव फार थोड्यांच्या वाट्याला आले.

शिकाऱ्यांचा हिशेब यापेक्षा सरळ. अमेरिकेत नेवाडातल्या लवलॉक गुहेत १९२४ साली लव्हाळ्याची बदके सापडली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ती पाण्यावर सोडून खरी बदके खाली उतरवत. पुढे शिकारी जिवंत बदकेच बांधू लागले, तेव्हा अमेरिकेने १९३५मध्ये त्यावर बंदी घातली. आपल्याकडे जुन्नरच्या उसात बिबट्यासाठी पिंजरा लावतात, तेव्हा आत शेळी असते. पण बहुतेक पिंजऱ्यांत तिचा कप्पा जाळी घालून वेगळा केलेला असतो. बिबट्या अडकतो, शेळी वाचते.

माणसासाठी असा कप्पा कुठे आहे? लाचेच्या सापळ्यात फिनॉल्फ्थलीन लावलेल्या नोटा तक्रारदारच साहेबाच्या हातात ठेवतो. साहेबाचे हात द्रावणात बुडवले की पाणी गुलाबी होते, दुसऱ्या दिवशी बातमी येते. तक्रारदार मात्र त्याच गावात राहतो, त्याच कचेरीत सातबाऱ्यासाठी जातो आणि खटला उभा राहीपर्यंत वर्षे उलटतात. साताऱ्याच्या ॲड. वर्षा देशपांडे यांच्या 'लेक लाडकी अभियाना'ने गर्भलिंगनिदान करणाऱ्या डॉक्टरांना पकडण्यासाठी गर्भवती बायकांनाच गिऱ्हाईक म्हणून पाठवले. पोटात बाळ घेऊन तपासणीच्या टेबलावर झोपलेल्या त्या बाईवर एखादी मालिका निघायला हवी होती. खरे तर तिचे नाट्य न्यायालयात सुरू होते, जिथे ती साक्षीदार असते आणि समोरचा वकील तिच्या हेतूवरच शंका घेतो.

साक्षीदार फितूर होतात ते यामुळेच. डिसेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, तक्रारदार मरण पावला किंवा फितूर झाला तरी परिस्थितिजन्य पुराव्यावरून लाचेची मागणी सिद्ध करता येईल, असे सांगितले. निकाल योग्यच. पण त्याने आरोपीची पळवाट अरुंद झाली. तक्रारदाराचे ओझे तसेच आहे. साक्षीदार संरक्षण योजनेला न्यायालयाने २०१८मध्येच मान्यता दिली आहे. सापळा लावताना पंचनाम्याच्या कागदांसोबत तक्रारदाराच्या संरक्षणाचा अर्जही तिथेच भरून घ्यायला काय हरकत आहे? आणि मालिकावाल्यांनी एखादा भाग बेड्या पडल्यानंतरच्या सकाळी सुरू करून पाहावा.