पंचांगात नसलेली तिथी

पूनम सागरमधील अनेक जैन घरांत अष्टमी-चतुर्दशी दिनदर्शिका पाहून पाळली जाते. स्त्रीदेहाचे पंचांग मात्र छापून मिळत नाही. ते स्वतःच लिहावे लागते.

पाळीचा पहिला दिवस हा नोंदीचा आरंभ. अमेरिकेतील जॉर्जटाऊन विद्यापीठाने या मोजणीसाठी 32 मण्यांची माळ सिद्ध केली. भारतात ती ‘मालाचक्र’ म्हणून परिचित झाली. चक्र नियमाने 26 ते 32 दिवसांचे असेल, तर 8 ते 19 हे दिवस गर्भधारणेचे मानावेत. अपत्य हवे असल्यास ते अनुकूल, नको असल्यास संयमाचे. अचूक पालन करूनही वर्षभरात शंभरांतील सुमारे पाच स्त्रियांना गर्भ राहतो.

हा हिशेब आयुष्यभर सारखा चालत नाही. प्रसूतीनंतर बाळ सहा महिन्यांच्या आतील, केवळ अंगावरील दुधावर आणि पाळी न परतलेली, या तिन्ही अटी असतील तरच स्तनपानाचा भरवसा धरावा. पाळी परतली तरी चक्र स्थिरावेपर्यंत माळ मोजू नये. चाळिशीनंतर पाळी मागेपुढे होऊ लागली की ‘आता वय झाले’ हा समज फसवा ठरतो. अशा वेळी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

बारा दिवसांचा संयम एकट्या पत्नीने मोजून साधत नाही. श्रावकाच्या ब्रह्मचर्याणुव्रतात स्वदारसंतोष सांगितला आहे. पत्नीच्या नकाराचा मान राखणे हा त्याच संयमाचा भाग होय. खाते संयुक्त असेल, तर नोंदही दोघांनी वाचली पाहिजे.